रात्री दोनची सही

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या औषध दुकानात गोळ्या घ्यायला येणाऱ्यांपेक्षा कागद वाचून घ्यायला येणारेच जास्त, असं मी थट्टेनं म्हणतो. बेळगावात याचं कुणाला नवल नाही. रिपोर्ट इंग्रजीत, सरकारी कागद कन्नडात, आणि पेशंट येळ्ळूरचा नाहीतर खानापूरच्या जंगलपट्ट्यातला, घरात मराठीशिवाय दुसरं काही न बोलणारा. "काय लिवलंय तेवढं बघून सांगा की हो," म्हणत पुढे केलेले कागद मी तीस वर्षं वाचतोय. म्हणून माझ्याच मेहुण्याच्या फायलीतला एक कागद ऑपरेशननंतर चार महिन्यांनी माझ्या नजरेला पडला, तेव्हा राग कमी आला आणि लाज जास्त वाटली.

मेहुण्याचं लिव्हर बदललं. दुपारी चारला फोन आला, आम्ही गाडी काढली, पोचेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली होती. दोनच्या सुमाराला बहिणीनं आणि भाच्यानं सोळा-सतरा ठिकाणी सह्या केल्या. त्यातली एक सही मेहुण्याचं रक्त आणि जुन्या लिव्हरचा तुकडा संशोधनासाठी ठेवून घ्यायला दिलेली परवानगी होती. त्यात वावगं काहीच नव्हतं. विचारलं असतं तर आम्ही आनंदानं हो म्हटलं असतं. पण कुणाला ते कळलंच नव्हतं. भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, सही कर म्हणाले, केली. त्या वेळी घर लिहून दे म्हणाले असते तरी दिलं असतं."

तिथं प्रश्न रक्ताच्या दोन नळ्यांचा होता. पुढचा कागद औषधाचा असेल. दात्याच्या शरीरातून काढलेलं यकृत नव्या शरीरात जाईपर्यंत खराब होऊ नये म्हणून जगभर औषधं तपासली जातायत, आणि ती आपल्याकडेही तपासावी लागणार आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा चाचण्या इथं व्हायला हव्यात, आणि लवकर. पण त्यांची संमती रात्री दोनला घेता कामा नये.

चाचणी कशासाठी, हे आधी समजून घ्यावं लागेल. शेतात मोटार असलेल्या माणसाला ते समजवायला मला दोन मिनिटंही लागत नाहीत. करंट गेला म्हणून मोटार जळत नाही. ती जळते करंट परत येताना. यकृताचंही असंच आहे. दात्याच्या शरीरातून काढताना ते थंड द्रावणानं धुतात, पिशवीत घालतात आणि बर्फाच्या पेटीत चार अंशांच्या आसपास ठेवतात. रक्त नाही, प्राणवायू नाही. पेशींकडची शिल्लक ऊर्जा हळूहळू संपते, आणि अर्धवट राहिलेल्या कामाचा माल आत साचत जातो. सक्सिनेट हा त्यातला एक. मग नव्या शरीरात शिरा जोडून त्यांच्यावरचा चिमटा (क्लॅम्प) सोडला की ताजं, गरम रक्त एकदम आत घुसतं. साचलेला माल एका झटक्यात जळतो, प्राणवायूचे विखारी कण तयार होतात, यकृताच्या स्वतःच्या राखणदार पेशी पिसाळतात, बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर सोलवटतं. पित्तनलिका तर फक्त धमनीच्या रक्तावर जगतात, त्यामुळे त्यांचं दुखणं कधी कधी काही महिन्यांनी वर येतं. टेबलावर पेशंटचा बीपी कोसळतो तो याच क्षणी. काही लिव्हर उशिरा जागी होतात. एखादं जागंच होत नाही, आणि मग त्या माणसाला काही दिवसांत दुसरं लिव्हर मिळालं तर मिळालं.

चरबी चढलेल्या यकृताला हा झटका जास्त बसतो. आमच्या ऊसपट्ट्यात शुगर आणि पोट दोन्ही कसं वाढलंय, ते मला गल्ल्यावर बसून दिसतं. उद्याचे दातेही याच माणसांतून येणार. चरबी जास्त दिसली की सर्जन ते यकृत घेत नाही. त्याला दोष देता येत नाही, पण एक लिव्हर वाया जातं.

औषधानं यकृत राखायचं ही कल्पना काही काल जन्मलेली नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउदर्ड यांनी १९८०च्या दशकात जे थंड द्रावण तयार केलं, त्यात अ‍ॅलोप्युरिनॉल आहे. युरिक अ‍ॅसिड वाढलेले लोक माझ्या दुकानातून नेतात तीच गोळी. सोबत ग्लुटाथायोन आहे, अ‍ॅडेनोसिन आहे. या द्रावणामुळे यकृत बर्फात जास्त तास टिकू लागलं आणि लांबच्या गावचं लिव्हर आणणं शक्य झालं. आता शोध आहे तो याच्या पुढच्या पायरीचा.

त्या पायरीवर बरीच औषधं येऊन घसरलीत. अ‍ॅसिटाइलसिस्टीन घ्या. पॅरासिटामॉलची विषबाधा झाली की यकृत वाचवायला हेच देतात, आणि कफासाठी पाण्यात फसफसणारी गोळी म्हणून मी ते रोज विकतो. इटलीतल्या एका अभ्यासात (२०१३) दात्याला ते दिल्यावर यकृतं जास्त टिकली. इतरांना तसा स्पष्ट फायदा दिसला नाही. स्टेरॉइडचीही तीच गत. बर्लिनमध्ये २००८ साली दात्यांना मिथाइलप्रेडनिसोलोन दिल्यानं यकृताची इजा कमी झाली असं निघालं, तर व्हिएन्नाच्या गटानं २०१२ साली काहींना औषध आणि काहींना बिनऔषधी सलाईन देऊन पाहिलं, तेव्हा फरकच दिसला नाही. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आणि दोन्ही शहरं युरोपातली, तरी निकाल उलटे. मग बर्लिनचा निकाल बेळगावला जसाच्या तसा लावा असं कुणी म्हणत असेल, तर त्याला मी आमचा रस्ता दाखवीन.

रस्त्याचं सांगायलाच हवं. बेळगावहून बेंगळुरू पाचशे किलोमीटर, पुणं साडेतीनशेच्या आत, धारवाड ऐंशी, कोल्हापूर एकशेदहा. यकृत बर्फात बारा तास निघतं असं पुस्तक सांगतं, सर्जनला मात्र ते आठ तासांच्या आत हवं असतं. आपल्याकडचे दाते बहुतेक अपघातात डोक्याला मार लागलेले, बरेचदा तरुण, आणि पहिल्या दवाखान्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या दवाखान्यात हलवलेले. त्या धावपळीत बीपी किती वेळा पडलेला असतो कोण जाणे. युरोपात पक्षाघातानं गेलेले वयस्क दाते जास्त. त्यांच्या यकृताचं दुखणं वेगळं, आपल्याकडच्यांचं वेगळं. औषध आपल्याकडच्या यकृतांवर तपासलं नाही, तर आपण दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालतोय.

दुसरं कारण संख्येचं. २०२३ साली आख्ख्या देशात मृत्यूनंतर अवयव देणारे १,०९९ निघाले. एकशेचाळीस कोटींत एवढेच. यातलं एक यकृत खराब झालं तरी ते मोजण्यात येतं. शिवाय एवढ्या थोड्या दात्यांवर एका रुग्णालयानं चाचणी करायची म्हटलं, तर निकाल लागेपर्यंत डॉक्टर निवृत्त होतील. कर्नाटकातली अवयव वाटपाची संस्था जीवसार्थकथे आणि पुण्याचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र यांनी हे एकत्र करायला हवं. दोघांच्या मधला पट्टा आमचा आहे. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. लिव्हर बारा तासही थांबत नाही.

आता "आमच्यावर प्रयोग" या भीतीबद्दल. ही भीती खोटी नाही. आपल्या देशात गरिबांना न सांगता त्यांच्यावर चाचण्या झाल्यात, त्यावरून सर्वोच्च न्यायालयानं सरकारचे कान उपटलेत, आणि त्यानंतर २०१९चे औषध चाचणी नियम आले. पण बेळगाव जिल्ह्याला चाचण्या नवीन नाहीत, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. आमच्याच खेड्यांत बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळायला मिसोप्रोस्टॉलची गोळी तपासली गेली. १,६२० बायका होत्या. गोळी खेड्यातल्या नर्सबाई द्यायच्या, निम्म्या बायकांना खरी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. रक्तस्राव शंभरात बारावरून सहाच्या थोडं वर इतका खाली आला होता. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली ही गोळी या कामासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आज आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात बाई बाळंतपणात वाचते, त्यात आमच्या गावच्या आक्का-मावश्यांचाही वाटा आहे. निम्म्या बायकांना औषध न देण्यावरून तेव्हा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण ती चाचणी झाली नसती तर आपण अजून अंदाजावर चाललो असतो.

तेव्हा चाचणी नको म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी नाही. माझं भांडण आहे ते सहीशी. बाळंतपणाच्या चाचणीत बाईला आधी काही महिने सांगायला वेळ होता. इथं वेळच नसतो.

नीट पाहिलं तर इथं सह्या तीन माणसांच्या लागतात. आपल्याकडे एकाचीच धड घेतली जाते, दुसऱ्याची घाईत, आणि तिसऱ्याची कुणाला आठवण नसते. पहिला दात्याचा नातेवाईक. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं मेंदूमृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळानं सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून ठरवायचा असतो. त्यानंतर घरच्यांना विचारतात. नवरा किंवा पोरगा व्हेंटिलेटरवर आहे, छाती वरखाली होतेय, अंग गरम आहे, आणि कुणीतरी सांगतंय की तो गेलाय. हे मान्य करायलाच त्यांची सगळी ताकद जाते. त्यात "आणि एक औषधही देऊन बघणार आहोत" हे वाक्य कसं घालायचं? घालायलाच हवं, पण वेगळं आणि वेगळ्या माणसानं. अवयव द्यायला होकार दिला म्हणजे औषधाला होकार मिळाला, असं धरून चालता येणार नाही. कायदा अवयव उपचारासाठी काढण्याबद्दल बोलतो. संशोधन ही निराळी गोष्ट आहे, आणि ती निराळी मागायला लाज कसली?

दुसरा माणूस, ज्याला ते यकृत मिळणार तो. २०१९च्या नियमांत चाचणीतला सहभागी म्हणजे ज्या व्यक्तीला औषध दिलं जातं ती. इथं औषध दिलं जातं मेलेल्या माणसाला, आणि त्याचं बरंवाईट भोगतो जिवंत माणूस. कागदावर तो सहभागी नाही म्हणून हात झटकायला जागा आहे, पण माझ्या मते खरा सहभागी तोच. त्याला विचारायची वेळ फोन आल्यानंतरची नव्हे. यादीत नाव घालताना विचारा. तेव्हा त्याच्याकडे आठवडे असतात, कधी महिने असतात. तो घरी जाऊन बायकोशी बोलेल, आमच्यासारख्या दुकानदाराला विचारेल, गुरवाला कौल लावायचा असेल तर तोही लावेल. दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारा, मन बदललं का म्हणून. फोन आल्यावर फक्त एवढंच: "मागं बोललो होतो ते औषध या लिव्हरला दिलंय, अजून चालेल का?"

तिसरा माणूस यात दिसतच नाही. दात्याच्या शिरेत दिलेलं औषध फक्त यकृतात जात नाही. ते दोन्ही किडन्यांत जातं, हृदयात जातं. किडनी मिळणारा पेशंट दुसऱ्या रुग्णालयात, दुसऱ्या गावात असतो. यकृताच्या चाचणीशी त्याचा संबंध नाही, तरी औषधाचा अंश त्याच्या शरीरात जाणार. अमेरिकेत राष्ट्रीय अकादमींनी २०१७ साली दात्यांवरच्या संशोधनावर आख्खा अहवाल काढला, तोही याच गुंत्यापाशी घुटमळतो. उलटा गुंताही आहे. २०१५ साली अमेरिकेत दात्यांचं शरीर नेहमीपेक्षा जेमतेम दोन अंश थंड ठेवून पाहिलं, तर मिळालेली किडनी लगेच काम न करण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून २८ वर आलं. रुपयाचंही औषध लागलं नाही. म्हणजे किडनीसाठी केलेल्या गोष्टीचा परिणाम यकृतावर, यकृतासाठी केलेल्याचा किडनीवर. हे सगळे एकमेकांचे साडू-भाऊ झाले, आणि कुणाला कुणाची ओळख नाही.

याला एक वाट आहे. यकृत बर्फाऐवजी मशीनवर ठेवायचं, त्यातून उबदार रक्त फिरवायचं, आणि औषध मशीनमध्येच द्यायचं. मग किडनीला धक्का नाही. औषध न घालता नुसतं मशीन युरोपात बर्फाशी ताडून पाहिलं, दोन्हीकडची मिळून २२० प्रत्यारोपणं होती, आणि २०१८ साली ते 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं. यकृताची इजा दाखवणारं एन्झाइम निम्म्यानं घटलं, टाकून द्यावी लागणारी यकृतं निम्मी झाली. पण वर्षभरानं माणसं किती जगली, यात फरक दिसला नाही. इथं माझ्यातला दुकानदार जागा होतो. माझ्याकडे येणारे लोक एसजीपीटी या अशाच एका एन्झाइमचा आकडा बघून रडतात नाहीतर पेढे वाटतात. आकडा म्हणजे माणूस नाही हे त्यांना मी रोज सांगतो, आणि चाचणी करणाऱ्यांनाही तेच सांगीन. एन्झाइम उतरलं म्हणून औषध पास करू नका. वर्षानं तो माणूस कामावर जातो का, पित्तनलिका शाबूत आहेत का, पुन्हा ऑपरेशन लागलं का, ते मोजा. मशीन महाग आहे, आणि बेळगावच्या वाटेवरच्या प्रत्येक रुग्णालयात ते येईल म्हणून वाट बघत बसायचं का, हाही प्रश्नच आहे. स्वस्तातलं अ‍ॅसिटाइलसिस्टीन आपल्याकडच्या यकृतांवर नीट तपासायला कुठली कंपनी पैसे घालणार? त्यात तिला काही मिळत नाही. ते काम सरकारी पैशानं, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनंच (आयसीएमआर) करायला हवं.

जिवंत दात्यांबद्दल एका वाक्यात सांगतो, कारण आपल्या देशात बहुतेक यकृतं जिवंत नातेवाइकांचीच असतात: बापासाठी पोटावर चीर घेणाऱ्या निरोगी पोराला, बापाच्या फायद्यासाठी म्हणून प्रयोगातलं औषध देऊ नये. तो मुद्दा मी चर्चेलाही ठेवणार नाही.

"लोकांना चाचणीचं सांगितलं तर ते अवयवच देणार नाहीत," असं एका डॉक्टरांनी मला सांगितलं. माणूस भला आहे, कामाचा आहे, पण हा हिशेब मला पटत नाही. न सांगता केलेली गोष्ट उद्या पेपरात आली की किती लोक अवयव देतील? खानापूर तालुक्यात एक अफवा पसरली की दहा वर्षं पुसली जात नाही. सांगून नकार आला तर एक लिव्हर चाचणीबाहेर जातं. पेशंटला ते मिळतंच.

आणि भाषा. नियम म्हणतात, संमतीपत्र सहभागी माणसाला कळेल अशा भाषेत हवं. त्याला वाचता येत नसेल तर साक्षीदार हवा. प्रत्यक्षात काय होतं ते माझ्या गल्ल्यावर दिसतं. १५ टक्क्यांहून जास्त लोक एखादी भाषा बोलत असतील तर त्यांना सरकारी कागद त्या भाषेत द्यावेत, हे संरक्षण राज्य पुनर्रचनेच्या वेळचं, १९५६चं. त्यासाठी आमच्या लोकांनी किती निवेदनं दिली, किती मोर्चे काढले, त्याची गिनती नाही. पण फलकावरच्या मराठीसाठी जेवढा घसा कोरडा केला त्याचा दहावा भागही आपण दवाखान्यातल्या मराठीसाठी केला नाही, हे मी आपल्याच लोकांना सुनावतो. २०२३ साली केंद्रानं अवयवाच्या यादीसाठी राज्याचा रहिवासी असण्याची अट काढायला सांगितली. आता निपाणीचा माणूस पुण्यात नाव घालू शकतो किंवा बेंगळुरूत. पुण्यात मराठी कागद मिळेल. बेंगळुरूत मिळायला हवा तो संमतीपत्राच्या भाषेच्या नियमानं, कुणाच्या उपकारानं नव्हे. चाचणीला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीत निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे आणि एक तरी सर्वसामान्य माणूस लागतो. सीमाभागातल्या पेशंटांवरची चाचणी असेल तर तो सर्वसामान्य माणूस इथला, मराठी वाचणारा असावा, एवढी मागणी कुठल्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात बसते.

मी स्वतः असा एक नमुन्याचा कागद मराठीत लिहून पाहिला. अडीच पानं झाली. सगळ्यात त्रास चिठ्ठीनं दिला. कोणत्या यकृताला औषध आणि कोणत्याला नुसतं सलाईन हे नशिबानं ठरतं, डॉक्टरलाही ते माहीत नसतं, हे कसं सांगायचं? "यादृच्छिक" लिहिलं तर कुणी वाचणार नाही. शेवटी लिहिलं, "भिशीची चिठ्ठी निघते तसं." बिनऔषधी सलाईनला "खोटं औषध" म्हटलं तर माणसं भांडायला उठतील, म्हणून "ज्यात औषध घातलेलं नाही असं सलाईन" असं लांबलचकच ठेवलं.

कागद बहिणीला वाचायला दिला. तिनं वीस मिनिटं घेतली. चिठ्ठीचं कळलं, किडनीवाल्याचं कळलं, काही बिघडलं तर मिळणाऱ्या भरपाईचं कळलं. मग चष्मा काढून म्हणाली, "आणि ज्याला औषध दिलंय ते लिव्हर नको म्हटलं, तर नंबर जाईल काय रे?" मी म्हटलं, नंबर जाऊ नये, यादीत आहे तिथंच राहावा. "राहावा म्हणू नको. राहील म्हणून लिही." तेवढं लिहायचा अधिकार मला नाही. त्या ओळीची जागा मी रिकामी सोडलीय.